टिपणीस बाई आणि पुनवेचं पाणी

परवा एक विद्यार्थिनी प्रबंधाचा आराखडा घेऊन माझ्याकडे आली. मी मराठी अध्यापनाचा माणूस. संशोधनपद्धती हा काही माझा विषय नव्हे, पण कॉलेजात सध्या तो शिकवायला कोणी नाही, म्हणून माझ्या गळ्यात पडलाय. शीर्षक होतं, 'ग्रामीण विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासातील विविध समस्या : एक चिकित्सक अभ्यास.' ते वाचलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सगळं आहे गं यात, पण प्रश्न कुठाय?" पोरगी बिचारी गोंधळली. मीही चपापलो, कारण वाक्य माझं नव्हतं. 'कुठाय'वर आवाज चढवायची पद्धतही माझी नव्हती. दोन्ही टिपणीस बाईंची.

वसुधा टिपणीस. राहणार रोहा, नोकरी पेणला, आमच्या बी.एड.-एम.एड.च्या कॉलेजात. रोज सकाळी रोह्याहून निघणारी एसटी कोलाड, खांब, नागोठणं, वडखळ करत त्यांना पेणच्या रामवाडी स्थानकात आणून सोडायची. हायवे वर्षानुवर्षं खणलेलाच, तरी आम्ही रामवाडीत राहणारे लोक उशिरा पोचायचो आणि बाई वेळेवर. सुती साडी, साडीखाली कॅनव्हासचे बूट, खांद्याला शबनम. बुटांवरून पहिल्या वर्षी मुली तोंडाला पदर लावून हसायच्या. मग एकदा बाईच वर्गात म्हणाल्या, "हसून घ्या. पण चप्पल घालून सर्वेक्षणाला गेलात आणि चिखलात रुतलात, तर मला फोन करायचा नाही."

डब्यात कायम पोहे. पोह्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या रोह्याच्या माणसाने दुसरं काय आणायचं, असं त्यांचं म्हणणं. पण ते पोहे म्हणजे एक प्रयोगच असायचा. आज नारळ जास्त, उद्या पोहे भिजवण्याऐवजी नुसते शिंपडलेले, परवा फोडणी उशिरा. एका दिवशी एकच बदल. दोन बदल एका दिवशी कधी केले नाहीत. चमचा माझ्यापुढे धरून विचारायच्या, "हं, अहो मराठीवाले, सांगा काय बदललं?" मी म्हणायचो, छान झालेत. त्या म्हणायच्या, "छान हे निरीक्षण नव्हे. ते तुमचं मराठी झालं."

लग्न केलं नव्हतं. भावाच्या कुटुंबात राहायच्या. भाऊ एकदा कॉलेजच्या कार्यक्रमाला आले होते, ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "आमच्या घरात मिठाची बरणी फळीवरून खाली ठेवली, तरी वसू आधी कारण विचारते. जगणं कठीण केलंय हो." बोलताना मात्र त्यांचा चेहरा कौतुकाने फुलला होता.

संशोधनाचा विषय ठरवायचे दिवस आले की बाईंना जोर चढायचा. बाकीचे प्राध्यापक त्या दिवसांत रजा टाकायच्या विचारात, आणि बाई पेन्सिलींना टोकं काढत बसलेल्या. प्रश्न पेन्सिलीने लिहायचा हा त्यांचा नियम होता. शाई उत्तरासाठी. "प्रश्न पहिल्या झटक्यात बरोबर येत नाही. ज्याला येतो त्याने तो कुठून तरी उचललेला असतो," असं त्या सरळ तोंडावर सांगायच्या. एका मुलाने 'रायगड जिल्ह्यातील माध्यमिक शिक्षकांची भूमिका' असा विषय आणला. बाईंनी विचारलं, "उरणपासून पोलादपूरपर्यंत फिरणार कधी तू? लग्नाआधी की नंतर?" वर्ग हसला. मग त्याला समोर बसवून, एकेक शब्द खोडत, जिल्ह्याचा तालुका केला, तालुक्याच्या तीन शाळा केल्या, 'भूमिका' हा शब्द तर मुळापासून उपटला. मुलगा रडकुंडीला आला होता. पण उठताना त्याच्या हातात एक वाक्य होतं, आणि त्या वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह होतं. बाईंनी ते प्रश्नचिन्ह पेन्सिलीने पुन्हा एकदा गडद केलं.

संशोधनातला चल, म्हणजे व्हेरिएबल, हा काय प्रकार आहे ते पुस्तकातून कोणाला कळत नाही. स्वाश्रयी चल, आश्रयी चल ही नावं ऐकूनच निम्मा वर्ग आडवा व्हायचा. बाईंनी एका वर्षी सगळ्यांना उठवलं आणि एका विद्यार्थ्याच्या घरच्या गणपतीच्या कारखान्यात नेलं. पेणमध्ये मूर्ती घडवतात त्या जागेला कारखानाच म्हणतात. शाडूच्या काही मूर्तींना वाळताना तडे गेले होते. बाईंनी विचारलं, "तडा का जातो?" कोणी म्हणालं ऊन, कोणी पंखा, कोणी माती, कोणी म्हणालं नवा कारागीर. बाईंनी विद्यार्थ्याच्या वडिलांची परवानगी काढून वर्गातल्या एकाकडूनच लहान लहान मूर्ती करून घेतल्या. माती एकच, हात एकच, जागा मात्र वेगळी. काही पंख्याखाली, काही कोपऱ्यात. आठवड्याने सगळे पुन्हा गेले. पंख्याखालच्या तडकल्या होत्या. "आता बोला, तुम्ही काय बदललं आणि त्यामुळे काय बदललं? जे तुम्ही बदललं ते स्वाश्रयी. जे आपोआप बदललं ते आश्रयी. आणि जे बदलू दिलं नाहीत, त्यासाठी तुम्हाला गुण." तो धडा त्या वर्गातला कोणी विसरला असेल असं वाटत नाही.

एका गोष्टीवर मात्र बाई भडकायच्या. पंचांग. मुहूर्त, तिथी, राहुकाळ, शब्द निघाला की संपलं. परीक्षेचं वेळापत्रक लावताना आमच्या प्राचार्यांनी 'त्या दिवशी अमावास्या आहे' एवढंच म्हटलं, तर बाई मीटिंगमधून उठून बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. कारण मला बरंच नंतर कळलं. रोह्याला काही कामासाठी मी त्यांच्या एसटीने निघालो होतो, खांबच्या अलीकडे ट्रॅफिक तुंबला, आणि बाई खिडकीबाहेर बघत सांगायला लागल्या. बारावीला त्यांना उत्तम गुण होते. मुंबईच्या कॉलेजात विज्ञानाला प्रवेश मिळत होता. निघायच्या दिवशी थोरल्या काकांनी पंचांग उघडलं. अमावास्या. आज घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. दुसऱ्या दिवशी पोचेपर्यंत यादी बंद. "मग इथेच बी.ए. केलं," बाई म्हणाल्या. "काका वाईट नव्हते. त्यांनी फक्त विचारलं नाही की अमावास्येला गाडी रुळावरून घसरते का." एवढं बोलून त्यांनी शबनममधून आराखड्यांचा गठ्ठा काढला आणि तपासायला घेतला.

हे सगळं मी सांगितलं ते संगीता पाटीलची गोष्ट सांगायची म्हणून. संगीता खारेपाटातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातल्या, एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका. नोकरी सांभाळून एम.एड.ला आली होती. तिच्या शाळेतली निम्म्याहून जास्त मुलं खाडीच्या बाजूच्या वाडीतली. पटावर होती, वर्गात कधी असायची, कधी नसायची. तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरा मारला होता, 'पालकांची उदासीनता'. वर्षभरात हजेरी सुधारली नाही, तर शाळा बंद करून मुलांना लांबच्या मोठ्या गावातल्या शाळेत घालायचं, असं ठरत होतं. वाडीतल्या लहान मुलांनी तिथवर चालत जाणं शक्यच नव्हतं. म्हणजे ती शाळेतून सुटली, हे संगीताला दिसत होतं. तिने विषय आणला, 'खारेपाटातील पालकांची उदासीनता आणि विद्यार्थ्यांची हजेरी'.

बाई म्हणाल्या, "हा प्रश्न नाही, हा निकाल आहे. उदासीन आहेत हे आधीच ठरवलंस, आता शोधणार काय?"

"साहेबांनी तसं लिहिलंय, मॅडम."

"साहेब प्रबंध लिहितायत का?"

संगीताने मग हजेरीशी काय काय ताडून बघायचं त्याची मांडणी करून आणली. पालकांचं शिक्षण, घरातली माणसं, शाळेचं अंतर, आईवडिलांचं काम. आणि सगळ्यांत शेवटी, तिथी. बाईंचा चेहरा पालटला. त्यांनी पेन्सिल ठेवली आणि पहिल्यांदाच शाईचं पेन उघडून तो शब्द खोडला. "संशोधनात राशिभविष्य घालायचं नाही." संगीता काहीतरी बोलायला गेली, मग गप्प बसली. मॅडमशी वाद कोण घालणार?

पालकांना भेटायला दोघींनी वाडीवर जायचं ठरलं. बाईंनी सुचवलेला दिवस ऐकून संगीता चाचरत म्हणाली, "मॅडम, त्या दिवशी पुनव हाय. पुढच्या आठवड्यात जाऊया ना?"

"पौर्णिमा आहे म्हणून संशोधन थांबत नाही. त्याच दिवशी जायचं."

मला गाडी चालवता येते, एवढ्याच गुणावर मला सोबत घेतलं. गावात गाडी लावून सकाळी आम्ही बांधावरून वाडीकडे चालत गेलो. वाटेत बांध एका जागी फुटलेला होता. त्याला तिकडे खांड म्हणतात. खांडीत चिखल होता, दगड टाकलेले होते, बाई बूट घालून ऐटीत पलीकडे गेल्या. वळून मला म्हणाल्या, "त्या साहेबांना म्हणावं, दाखवा आता मला उदासीन पालक."

पहिल्याच घरी राधीबाय म्हणून एक म्हातारी ओटीवर जाळं विणत बसली होती. आम्हाला बघून तिने कपाळावर हात नेला. "गो संगीता, आज कशाला आनलंस यांना? आज पुनव हाय नं!"

संगीताने खाली मान घातली. बाई जागच्या जागी ताठ झाल्या. म्हणाल्या, "पुनव असली म्हणून काय झालं, आजी?"

"काय व्हतंय ते बस आनि बघ," म्हातारी म्हणाली आणि घरात चहा टाकायला गेली.

बाईंनी नातवंडांची चौकशी केली, सुनेची मुलाखत घेतली. तोवर दुपार झाली. आम्ही निघालो आणि बांधापर्यंत येऊन थांबलो. खांड दिसत नव्हती. खाडीचं पाणी आत शिरलं होतं, दगड बुडाले होते, आणि पाणी एवढ्या ओढीने वाहत होतं की त्यात मोठा माणूस पाय घालणार नाही. पलीकडे शाळेचं छप्पर दिसत होतं.

बाईंनी विचारलं, "संगीता, हे कधी कधी होतं?"

"पुनवेला आनि आवसेला, मॅडम. आनि पुढं दोन-चार दिवस. उधाण म्हंतात. एरवी एवढं पानी येत नाय, वाट मोकळी असते."

"म्हणून तू तिथी लिहिलीस?"

"व्हय."

"मग बोलली का नाहीस?"

संगीता म्हणाली, "मॅडम, हे तर हितं सगळ्यांना माहीत हाय. जे सगळ्यांना माहीत, त्यात संशोधन कसलं? आनि तुमी एवढ्या चिडलात..."

पाणी उतरेपर्यंत आम्ही राधीबायच्या ओटीवर बसून राहिलो. म्हातारीने भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. बाई हात न आखडता जेवल्या. परतताना गुडघाभर चिखलातून, बूट हातात घेऊन चालल्या. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "माझ्या काकांनी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. आमच्या घराण्यातच आहे हे." त्यांचा आवाज भरून आला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पूर्ण वर्गासमोर ते सांगितलं. काहीही मऊ करून सांगितलं नाही. "संगीताच्या आराखड्यातला सगळ्यांत महत्त्वाचा चल मी शाईने खोडला. कारण मला तो शब्द आवडत नाही. चल आवडीने निवडत नाहीत." मग फळ्याकडे वळून संगीताला उभं केलं. "आता प्रश्न सांग."

बरीच खोडाखोड झाली. उधाणाला हजेरी घटते हे वाडीला ठाऊकच होतं, ते कागदावर ताडून झालं. मग बाई म्हणाल्या की कारण कळलं तेवढ्याने मुलं शाळेत येणार नाहीत. बांध तुझ्या हातात नाही, चंद्र तर नाहीच नाही. तुझ्या हातात काय आहे? संगीताने विचार केला आणि म्हणाली, "शाळेची वेळ." शेवटी फळ्यावर एक ओळ उरली : उधाणाच्या दिवसांत शाळा सकाळी आठला, पाणी चढायच्या आधी भरवली, आणि पाणी उतरल्यावर सोडली, तर वाडीतल्या मुलांची हजेरी वाढते का? उद्दिष्ट एक. बदलायची ती वेळ, मोजायची ती हजेरी. बाकी शिक्षिका तीच, खिचडी तीच, वाट तीच. बाई दोन पावलं मागे सरकून ती ओळ वाचत राहिल्या. "याला म्हणतात प्रश्न," त्या म्हणाल्या. संगीताचे डोळे पाण्याने भरले होते.

शाळा व्यवस्थापन समितीला पटवणं, केंद्रप्रमुखांची परवानगी, हे सगळं संगीताने केलं. बाई मध्येच निवृत्त झाल्या, पण त्यांची एसटी काही थांबली नाही. आता ती पेणला न येता वडखळला त्यांना सोडायची आणि तिथून त्या सहा आसनी रिक्षाने खारेपाटात. आकडे चांगले येत होते. पण कागदावरच्या आकड्यांवर साहेबांचा भरवसा नव्हता. विस्तार अधिकारी स्वतः येऊन मुलं मोजणार आणि त्यावर शाळेचं ठरणार, असा निरोप आला. दिलेला दिवस होता मार्गशीर्षातली अमावास्या.

संगीता घाबरली. मोठं उधाण, त्यात थंडी, आठला मुलं आली नाहीत तर संपलं. तिने मला फोन केला, मी बाईंना केला. मीच म्हटलं, "बाई, विनंती करून दिवस पुढे ढकलूया. आठवड्याने आले तर वाट मोकळी असेल, सगळी मुलं हजर असतील."

"मग त्यांना काय दिसेल?"

"हजेरी दिसेल."

"वाट मोकळी असताना मुलं येतातच. कधी येतात, कधी नाही, एवढंच साहेबांना आधी दिसलं, त्यातूनच तर उदासीनता निघाली. अमावास्येलाच येऊ देत." थोडं थांबून म्हणाल्या, "मला भीती वाटत नाही असं समजू नका. पण प्रश्न खरा असेल तर तो अवघड दिवशीच विचारला पाहिजे."

त्या दिवशी पहाटेच मी त्यांना वडखळहून गाडीत घेतलं. शाळेपाशी पोचलो तेव्हा संगीता व्हरांड्यात उभी होती, हात एकमेकांत गच्च धरून. वाडीच्या बाजूला धुकं. बांधावर कोणी दिसत नव्हतं. बाई बांधाकडे चालू लागल्या, मी मागोमाग. खांडीशी पोचलो आणि पलीकडून आवाज आला. राधीबाय पुढे होती. तिच्या मागे पोरं, कोणाच्या डोक्यावर दप्तर, कोणाच्या कानाला मफलर, दोघं-तिघं बापांच्या खांद्यावर. मिठागरावर कामाला जायचं सोडून बाप आले होते. बाई चिखलात उतरल्या आणि एकेका पोराचा हात धरून अलीकडे घेऊ लागल्या. एक मुलगी तापाने आली नव्हती. बाकी सगळी आली.

अधिकारी अकराच्या पुढे आले. मुलं मोजली, पुन्हा मोजली. मग म्हणाले, वाडी बघू. आम्ही त्यांना खांडीपाशी नेलं. पाणी भरून वाहत होतं. साहेबांनी काठावर जाऊन विचारलं,

"ही मुलं यातून आली?"

"यायच्या आधी आली, साहेब," संगीता म्हणाली. "आता पानी उतरल्यावर जातील. तोवर शाळा चालू हाय."

त्यांनी बाईंकडे बघून विचारलं, "मॅडम, मग यातून निष्कर्ष काय काढायचा?"

मला वाटलं, आता बाई बोलणार. या क्षणासाठी तर त्या वर्षभर रोह्याहून येत होत्या. बाई म्हणाल्या, "मला विचारू नका. संशोधन तिचं आहे." आणि त्या मागे सरून माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. संगीता बोलली. सुरुवातीला अडखळली, मग नाही. शाळेपाशी परतल्यावर साहेबांनी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून, आधीच्या शेऱ्यातले 'पालकांची उदासीनता' हे शब्द काढून टाकावेत, असं लिहिलं.

दुपारनंतर पाणी उतरलं आणि शाळा सुटली. मी गाडी काढून थांबलो होतो. बाईंनी मला हात केला, तुम्ही जा म्हणून. राधीबायने त्यांना जेवायला बोलावलं होतं. साडी खोचून, एका हातात बूट आणि दुसऱ्या हातात एका लहान पोरीचा हात धरून बाई खांड उतरल्या. पोरगी त्यांना काहीतरी विचारत होती आणि बाई कमरेत वाकून ते नीट ऐकून घेत होत्या. पुढे उन्हाळ्यात रोह्याच्या घरी त्या अचानक वारल्या, त्यामुळे मला त्यांचं शेवटचं दर्शन तेच.

खांड अजून बुजलेली नाही. शाळा चालू आहे. उधाणाला ती आठ वाजता भरते.